खिळ्यांचे टायर आणि इतर मालमत्ता

मी, तोगाशी हिरोमु, वय सत्तावीस, राहणार नायोरो, इगाराशी गादी भांडाराच्या मागची पत्र्याची शेड, धंदा दुचाकीवरून लांबच्या प्रवासाला जाणाऱ्यांसाठी जोडसामान बनवून देणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पेनने, दिवसाउजेडी लिहीत आहे. माझी प्रकृती चांगली आहे. डोके ठिकाणावर आहे. कियो मावशीला तसे वाटत नाही, पण त्याचे कारण एवढेच, की मी उद्या सकाळी गाडीवरून देशाच्या उत्तर टोकाला, सोयाच्या भूशिराकडे निघणार आहे.

हे कोणाच्या दडपणाखाली लिहिले का, असा प्रश्न पुढे कोणी काढला तर खरे सांगितलेले बरे. दडपण होते. परवा मावशी रजईत कापूस भरत होती, तेव्हा मी तिला जाण्याबद्दल सांगितले. ती वर न बघताच म्हणाली, "जायचंच असेल तर आधी मृत्युपत्र लिही, मग जा."

"खरंच लिहू?"

"लिही की! कळू तरी दे, तुझ्याकडे द्यायला काय आहे ते."

ती रागाने बोलली होती आणि नंतर जेवताना तिने तसे सांगितलेही. पण तोपर्यंत मला तिचे म्हणणे पटले होते. तेव्हा दडपण लिहिण्यापुरते होते. काय लिहायचे ते माझे मी ठरवले आहे. शाळा मी नववीनंतर सोडली, त्यामुळे अवघड शब्द कोशात पाहून लिहिले आहेत. तरीही चूक राहिली असेल तर अर्थ सरळ घ्यावा.

हे वाचायची वेळ ज्याच्यावर येईल त्याला आमच्या धंद्याची माहिती नसेल, म्हणून थोडे सांगतो. दर वर्षाच्या अखेरच्या दिवशी देशभरातून काही माणसे छोट्या गाड्यांवर बसून बर्फातून उत्तर टोकाच्या भूशिरावर जातात, तिथल्या वाऱ्यात तंबू ठोकतात आणि नव्या वर्षाचा पहिला सूर्य बघून परत फिरतात. शर्यत नसते, बक्षीस नसते. जाताना यांतले बरेच जण नायोरोला थांबतात आणि माझ्याकडून बर्फाचे टायर, हँडलवर हात झाकायच्या पिशव्या, वारा अडवायची काच, विजेवर तापणाऱ्या गरम मुठी असे काहीबाही बसवून घेतात. अठराव्या वर्षापासून मी हे काम करतो. दर हिवाळ्यात मी त्यांना निरोप देतो आणि ते परत येईपर्यंत मला नीट जेवण जात नाही. मी स्वतः माझ्या टायरवर तेशियो नदीच्या पुलापलीकडे कधीच गेलेलो नाही. दर वर्षी काहीतरी निघायचे. कधी सर्दी, कधी मावशीच्या छपरावरचा बर्फ, कधी नुसताच हवामानाचा अंदाज.

गेल्या वर्षी मियाउची हात्सुनो-सान भूशिरावरून परत आल्या. दक्षिणेला शिकोकू बेटावर त्यांचे घर आहे आणि दर हिवाळ्यात त्या तिथून गाडीवर येतात. शेगडीजवळ बसून भुवयांवरचा बर्फ काढता काढता त्या म्हणाल्या, "तुझ्या टायरवर मी देशाच्या टोकाला जाऊन आले, आणि तू अजून पुलावरच?"

मी म्हणालो, "पूलसुद्धा निसरडा असतो."

त्या इतक्या हसल्या, की मावशी पुढच्या दुकानातून उठून बघायला आली.

या वेळी त्या आल्या त्या सांगतच आल्या, की हे शेवटचे. वडिलांची पाठ गेली आहे, संत्र्यांचा मळा आता हात्सुनो-साननाच बघायचा आहे, आणि हिवाळा म्हणजे तोडणीचे दिवस. पुढच्या वर्षापासून येणे नाही. उद्या त्या भूशिराकडे निघतील, परत येताना एक रात्र इथे राहतील आणि घरी जातील. त्यांच्याबरोबर त्या टोकावर उभे राहायचे असेल तर यंदाच. यंदा नाही तर कधीच नाही. म्हणून मी जाणार आहे, आणि म्हणून हे लिहिणे आहे.

कलम पहिले. पोस्टात माझी जी काही शिल्लक आहे ती सगळी इगाराशी कियो, म्हणजे माझी मावशी, हिला मिळावी. आई गेल्यावर तिने मला सांभाळले. त्याची फेड अशी होत नाही हे मला कळते, ती करायचा हेतूही नाही. हे पैसे छपराला लावावेत आणि दर हिवाळ्यात बर्फ ओढायला माणूस ठेवावा. तिने स्वतः छपरावर चढायचे नाही. शिडी मी शेजारच्या हानेदाकाकांच्या कोठारात कुलूप लावून ठेवली आहे. किल्ली कुठे आहे ते या कागदात मुद्दाम लिहिलेले नाही.

शेड मुळात तिचीच आहे. फक्त जमिनीवरचे तेलाचे डाग मी गेल्या आठवड्यात वर्षअखेरच्या साफसफाईत पुसायचा प्रयत्न केला आणि ते आणखी पसरले. त्याबद्दल क्षमा असावी.

कलम दुसरे. शिवणयंत्र. हे यंत्र मावशीचे, पण तीन वर्षांपूर्वी तिने "आता हे तुझंच झालं, माझ्या रजयांना रबराचा वास येतो" असे सांगून मला दिले आणि स्वतःला नवे घेतले. ते तिलाच परत जावे. पट्टा बदललेला आहे. जाड सुया लाल डब्यात आहेत.

या यंत्रावर मी पहिल्यांदा हँडलवरच्या हात झाकायच्या पिशव्या शिवल्या. बाजारात मिळतात त्या देखण्या असतात, पण आमच्या थंडीत त्यांचे प्लास्टिक कडक होऊन ब्रेकची मूठ धरून ठेवते. मी आतून जुन्या रजईचे अस्तर आणि बाहेरून रेनकोटचे कापड लावले, आणि मनगटाशी बाही सैल ठेवली, म्हणजे पडताना हात सुटा होतो. पहिल्या जोडीसाठी मावशीने लग्नातल्या रजईचा कोपरा कापून दिला. कापताना म्हणाली, "नवऱ्याच्या उपयोगी पडली नाही, निदान कोणाच्या बोटांच्या पडू दे." तिचे यजमान लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात ओसाकाला निघून गेले होते, ते आलेच नाहीत. त्या रजईचा उरलेला तुकडा वरच्या फळीवर आहे. तो कोणी कापू नये.

कलम तिसरे. बर्फाचे टायर बनवायची पद्धत. ही कोणा एकाला देत नाही. ज्याला हवी त्याने घ्यावी. लोक यांना खिळ्यांचे टायर म्हणतात, पण आत असतात ते चपट्या डोक्याचे स्क्रू. ठोकळ्यांच्या नक्षीचा नवा टायर घ्यावा, जुना घेऊ नये. प्रत्येक ठोकळ्याला नव्हे, एक सोडून एक, मध्यभागी बारीक भोक पाडावे आणि स्क्रू आतून बाहेर पिळावा. टोक तांदळाच्या दाण्याएवढेच बाहेर यावे. जास्त आले की ते वाकते. आतल्या बाजूला सगळ्या डोक्यांवर जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवावी, नाहीतर नवी ट्यूब वाटेत फाटेल आणि तिथे हात बाहेर काढून ती बदलणे म्हणजे काय असते ते ज्याने केले आहे त्याला विचारावे.

सर्वांत महत्त्वाचे बोगद्यांचे. बर्फावर हे टायर मांजरासारखे पकडतात. पण बोगद्यात रस्ता कोरडा असतो आणि कोरड्या डांबरावर लोखंड घसरते. लोक बर्फ संपला म्हणून खूश होऊन वेग वाढवतात आणि तिथेच आडवे होतात. बोगदा दिसला की वेग कमी करावा. मी हे प्रत्येकाला सांगतो. प्रत्येक जण "हो हो" म्हणतो. पुन्हा लिहितो: वेग कमी करावा.

कलम चौथे. लाल गाडी. ही टपाल खात्यातून बाद झालेली कब, म्हणजे छोटी दुचाकी, हानेदाकाकांनी मला दिली. नोकरीत असताना ते हिच्यावरूनच पत्रे वाटायचे. तिला मी गरम मुठी बसवल्या आहेत. त्यांची तार बॅटरीवरून सरळ घेतलेली नाही, किल्लीच्या पुढून घेतली आहे, म्हणजे किल्ली काढली की मुठी बंद. इंजिनपुढे पत्र्याचा पडदा आहे, तो उन्हाळ्यात काढावा. दोन्ही बाजूंना लहान मुलांच्या स्की लावायचा प्रयोग मी एकदा केला होता. त्या दिवशी काका हौसेने गाडीवर बसले आणि सरळ रस्त्यापलीकडच्या धर्मशाळेपुढच्या बर्फाच्या ढिगात गेले. बाहेर काढल्यावर म्हणाले, "चाळीस वर्षं पत्रं वाटली, पण इतक्या आत पोचवलं नव्हतं कधी." स्की तेव्हाच काढल्या.

गाडी माझ्याबरोबर जाणार असल्याने ती उरेल की नाही हे मला सांगता येत नाही. उरली तर त्या वर्षी भूशिरावर ज्याची गाडी बंद पडेल त्याला ती द्यावी. कोणाची ना कोणाची पडतेच.

कलम पाचवे. साप्पोरोहून दर वर्षी भूशिराला जाणारे निशिकोरी बुन्जी यांना मी वारा अडवायची पहिली काच देतो. ही तीच काच, जिचा आकार मी काढला आणि इंटरनेटवर फोटो टाकून त्यांनी स्वतःचा म्हणून सांगितला. त्यांना माहीत नव्हते, की ही काच साध्या अॅक्रिलिकची आहे आणि पहिल्याच कडाक्यात तडकली. चालणारी काच मी पॉलिकार्बोनेटची केली, आणि तिचा फोटो मी कुठेच टाकला नाही. तडकलेली त्यांनी भिंतीवर लावावी. माझा राग आता फारसा राहिलेला नाही. ते दर वर्षी येताना मावशीसाठी गोड पाव आणतात आणि तिच्या हातचा चहा पिऊन तिच्या रजयांची तोंडभर स्तुती करतात. मावशी म्हणते, "चोर असला तरी जिभेला चव आहे त्याच्या." चालणाऱ्या काचेचा कागदी नमुनाही त्यांना दिला तरी चालेल. पण आधी तडकलेली द्यावी, आणि थोडा वेळ थांबावे.

कलम सहावे. माझी सगळी हत्यारे, तयार असलेले टायरचे नवे जोड, गरम मुठींचे सामान आणि मागच्या फळीवरची पेटी मियाउची हात्सुनो यांना मिळावी.

हत्यारे त्यांनाच का, असे कोणी विचारील. म्हणून कारण लिहितो.

पहिल्या हिवाळ्यात त्या आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही चाकांना दोरी गुंडाळलेली होती. त्यांच्या गावात बर्फ बघितलेला माणूस नाही, कोणीतरी सांगितले दोरी पुरते, म्हणून त्यांनी जहाजावरची चांगली दोरी घेतली आणि तिच्यावर भिस्त ठेवून त्या नायोरोपर्यंत पोचल्या. दोरी भिजून गोठली होती आणि चाके लाकडी ओंडक्यासारखी झाली होती. मी विचारले, "तुम्ही पडला नाहीत?"

"पडले की. पण हळू पडत होते, त्यामुळे वेळ गेला नाही फारसा."

मी दोरी कापून काढली आणि रात्रभर न थांबता सकाळीही टायर करत बसलो. त्या शेजारी बसून स्क्रू निवडून देत होत्या, वाकडे एकीकडे, सरळ एकीकडे. कोणी न सांगता. इतक्या लोकांनी माझ्या शेगडीवर हात शेकले, पण वाकडे स्क्रू वेगळे करणाऱ्या त्या एकट्याच.

दुसऱ्या वर्षी त्यांनी मावशीसाठी घरची संत्री आणली. ती वाटेत गोठून दगड झाली होती. मावशीने एक संत्रे हातात घेऊन पाटावर आपटले, पाटाला खळगा पडला. शेवटी ती आम्ही न्हाणीच्या गरम पाण्यात सोडली आणि मऊ झाल्यावर खाल्ली. चव गेली होती. साले गोळा करताना हात्सुनो-सानचा चेहरा उतरला होता.

तेव्हापासून मी ती पेटी करतो आहे. बाजारात प्लास्टिकच्या पेट्या मिळतात, लोक त्याच मागे बांधतात आणि त्या चांगल्याच असतात. ही लाकडी आहे, आतून रजईचे अस्तर, मध्ये हवेची पोकळी, झाकणाला रबराची कड. गाडीच्या धक्क्याने आतली फळे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून कप्पे कापडाचे आहेत. पहिली जड झाली. दुसरीत वाफ धरायची. तिसरी त्यांना दिली तेव्हा त्यांना वाटले, मी सगळ्यांसाठीच अशा करतो. मी तसे नाही असे सांगितले नाही. त्यानंतर त्यांची संत्री कधी गोठली नाहीत. फळीवरची चौथी आहे, अधिक हलकी. अशी पेटी आजवर मला दुसऱ्या कोणी मागितलेली नाही आणि मी ती विकायला केलेली नाही.

या सर्वांचे त्यांनी काय करावे हे मी सांगत नाही. विकले तरी चालेल. त्यांच्यावर कसलेही ओझे नाही. याशिवाय आणखी एक गोष्ट मला त्यांना द्यायची आहे, पण ती मालमत्तेत धरता येईल की नाही हे मला ठाऊक नाही आणि कोशात त्यासाठी पाहिलेला प्रत्येक शब्द मला मोठा वाटला. तेव्हा ती इथे लिहीत नाही. कलम सहावे संपले.

कलम सातवे. माझ्या अंत्यविधीला कोणी हेल्मेट हातात घेऊन येऊ नये. मावशीला ते बघवणार नाही. गाड्या दुकानापासून लांब, मासळीवाल्यांच्या बाजूला लावाव्यात. जेवायला गरम सोबा शेवया असाव्यात, थंड नकोत, कारण लोक लांबून आलेले असतील. परत जाताना प्रत्येकाने चेनला तेल घालूनच निघावे. तेलाचा डबा दाराशी ठेवलेला आहे.

कलम आठवे. हानेदाकाकांना मी काहीही ठेवलेले नाही. हे विसरून झालेले नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वाचले आहे, आणि मला विश्वासाचा साक्षीदार हवा होता. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागतच नाही म्हणतात, पण तसे ठेवले तर मला चैन पडणार नाही. काकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मला फुकट सही करायला बोलावतोस होय? तुझ्यापेक्षा पोस्ट बरं, निदान वर्षाला एक छत्री द्यायचं." त्यांना छत्री द्यायची माझी इच्छा आहे, पण ती मी जिवंतपणीच देईन.

माझा मजकूर इथे संपला.

यापुढचे त्याच दिवशी, संध्याकाळी, दिवे लागल्यावर लिहिले आहे.

माझ्याकडून एक चूक झाली. दुसऱ्या साक्षीदार म्हणून मी काल हात्सुनो-सानना विचारले होते आणि त्या हो म्हणाल्या होत्या. तेव्हा कलम सहावे लिहिलेले नव्हते. लिहिल्यावर माझ्या लक्षात यायला हवे होते. ते आले नाही.

शेगडीभोवती काका, मावशी आणि मी बसलो होतो. काका चष्मा लावून वाचत पाचव्या कलमापर्यंत आले होते आणि हसत होते. तेवढ्यात हात्सुनो-सान गाडीवरचे सामान बांधून आत आल्या, हातमोजे काढले आणि म्हणाल्या, "आण पेन. कुठे करू सही?"

मी म्हणालो, "तुम्ही नका करू."

"का? माझं अक्षर वाईट आहे?"

"तसं नाही. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही."

"मग मला काय मिळतंय?"

मी पेनला टोपण लावले. काकांनी शेगडीत उगाच एक लाकूड सारले. मावशी म्हणाली, "पान उलट, बाई. हा काही बोलायचा नाही, उद्या भूशिरावर गोठला तरी."

त्यांनी उभ्यानेच वाचले. त्यांच्या हातमोज्यांतले पाणी जमिनीवर ठिबकत होते आणि मला वाटत होते, कागदावर पडेल. कागदावर पडले नाही. वाचून झाल्यावर त्यांनी हात पुसले. मग माझ्या हातातले पेन घेऊन त्यांनी कलम सहाव्याच्या खाली, मी कोरी सोडलेल्या जागेत, स्वतःच्या अक्षरात लिहिले. ते असे:

"आमच्या मळ्यात बर्फ टिकत नाही. टायर नकोत. बनवणारा पाठवा."

काकांनी वाकून बघितले आणि चष्मा काढला. "गेलं कामातून. दुसऱ्याचं अक्षर लागलं. सगळं आपल्याच हातचं हवं असतं ना रे?"

मी म्हणालो, "हो. हे आता धरणार नाहीत. पुन्हा लिहायला हवं सगळं. आत्ता बसलो तर सकाळपर्यंत..."

मावशी म्हणाली, "रात्रभर लिहिणार आणि सकाळी डोळे मिटून गाडी चालवणार? खबरदार."

"मग निघायचं कसं? काही झालं तर?"

हात्सुनो-सान म्हणाल्या, "काही झालं तर मला टायर मिळणार नाहीत. ते मला नकोच आहेत, आत्ताच लिहून दिलं." मग पेन मला परत देत, "परत आल्यावर लिही. घाई कोणाला आहे?"

मावशीने सुई रजईत खोचली. "मी काही संत्री तोडायला यायची नाही, आधीच सांगून ठेवते. गाद्या लागल्या तर कळवा. दोघांची मोठी लागते, तिला कापूस जास्त जातो."

मग मी हात्सुनो-सानना काय उत्तर दिले ते इथे लिहीत नाही, कारण ते मालमत्तेविषयी नाही. हात्सुनो-साननी ते ऐकले, काकांनी आणि मावशीने न ऐकल्यासारखे केले.

तेव्हा नोंद करतो, की हा कागद मृत्युपत्र म्हणून आता चालणार नाही. मी आजवर पूर्ण कागदपत्राशिवाय कधी कुठे गेलेलो नाही. उद्या जाणार आहे. उजाडल्यावर निघू. बोगद्यांत वेग कमी ठेवू. हे मृत्युपत्र नसल्यामुळे कोणी सही करावी याला आता बंधन राहिलेले नाही, म्हणून ज्यांना हवी त्यांनी ती केली आहे.

ठिकाण: नायोरो, होक्काइदो
दिनांक: ३० डिसेंबर, रेइवा सहावे वर्ष (सन २०२४)

साक्षीदार:
हानेदा सेइकिची (टपालवाला, निवृत्त. काही मिळालेले नाही.)
इगाराशी कियो (सगळे वाचले. शिडीची किल्ली मला द्यावी.)
मियाउची हात्सुनो

लिहून ठेवणार: तोगाशी हिरोमु
माझ्या नावाचा शिक्का: मारलेला नाही. परत आल्यावर मारीन.